चुकीच्या उत्तराचं वकीलपत्र

आमचे सर एखाद्या गोष्टीला 'आकर्षक' म्हणाले की समजायचं, तिचं काही खरं नाही. क्लासच्या मालकांनी एकदा जिन्यात मोठा फ्लेक्स लावला. आदल्या वर्षी पास झालेल्यांचे फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत 'यशाची हमखास खात्री'. सर त्याच्यासमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आकर्षक आहे." मालक बिचारे खूश झाले. आम्ही पोरी मागे ओढणीत तोंड खुपसून हसत होतो.

क्लास अशोकस्तंभाजवळ होता. खाली गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, वर आम्ही. देवळा, कळवण, वणी, सुरगाणा अशा कुठून कुठून नाशकात आलेली, खोल्या घेऊन राहिलेली, सरकारी परीक्षांची तयारी करणारी पोरं. सर आम्हाला तर्क शिकवायचे. म्हणजे एक छोटा उतारा, खाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय आणि त्यातला एक बरोबर. ऐकायला किती सोपं. पण इतिहास-भूगोल पाठ करून आलेल्यांची खरी दांडी इथेच उडते.

"चार पर्यायांत एक मूर्ख असतो," सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "एक झोपलेला असतो, एक बरोबर असतो, आणि एक बरोबरपेक्षा देखणा असतो. मूर्खाला कोणी भुलत नाही. तुम्हाला नापास करतो तो देखणा."

सरांना आमची नावं लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायचीच नव्हती, देव जाणे. ते आम्हाला गावांनी हाका मारायचे. "कळवण, तुम्ही बोला." "सुरगाणा, खिडकीबाहेर काय पर्याय दिसतायत?" वणीचे दोघं होते म्हणून मोठे वणी आणि धाकटे वणी. मी देवळा. सगळ्यांना अहो-जाहो. माझ्या सख्ख्या मामांनी मला कधी 'अहो' केलं नाही, आणि हे पन्नाशीपुढचे पांढरा शर्ट इस्त्री करून येणारे गृहस्थ मला 'देवळा, आपण जरा चुकलात' म्हणायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं हा माणूस आपली टर उडवतोय.

पहिला दणका मला एका ग्रंथालयाने दिला. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, एका गावात ग्रंथालय सुरू झालं, त्या वर्षी दहावीचा निकाल वाढला, म्हणजे ग्रंथालयामुळे निकाल वाढला. असं म्हणणाऱ्याने काय गृहीत धरलंय? पर्यायांत एक होता, 'वाचनाने बुद्धी वाढते.' मी लगेच हात वर केला.

"वाचनाने बुद्धी वाढते हे खरं आहे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे काय सर. खरंच आहे."

"मलाही खरं वाटतं. इथे ते विचारलंय का?"

 बरोबर उत्तर भलतंच रुक्ष होतं, की निकाल वाढायला ग्रंथालयाशिवाय दुसरं काही कारण नव्हतं. त्यात ना बुद्धी, ना वाचन, ना काही चांगलं वाटण्यासारखं. मी आपली वाद घालत बसले, की सर, खरं वाक्य चुकीचं कसं असेल. सर शांतपणे म्हणाले, "देवळा, पाहुणा सज्जन आहे म्हणून आपण त्याला दुसऱ्याच्या लग्नात बोहल्यावर उभं करत नाही." सगळा वर्ग हसला आणि मी त्या दिवशी डबा न खाता खोलीवर गेले. असा राग आला होता.

सरांच्या वर्गात एक चाल होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. बरोबर उत्तर का बरोबर, हे सांगायची मुभाच नव्हती. ते एकदा फळ्यावर गोल केलं की संपलं. मग सर एकेकाला उभं करायचे आणि चुकीच्या उत्तराचं वकीलपत्र द्यायचे. "मोठे वणी, तुमचा अशील पर्याय 'ब'. मांडा बाजू." मग मोठ्या वणीने जीव तोडून सांगायचं, की पर्याय 'ब' किती चांगला आहे आणि लोकांनी त्यालाच का निवडावं. जो हसेल त्याला पुढचं वकीलपत्र. बरोबर उत्तराला मात्र वकील नाही. "त्याला वकील लागत नाही," सर म्हणायचे, "वाचणारा लागतो."

आम्ही कुरकुर करायचो, की परीक्षा महिन्यांवर आली आणि आपण चुकीच्या उत्तरांची आरती काय ओवाळतोय. एकदा सर जरा लांबलचक बोलले. एरवी बोलायचे नाहीत. म्हणाले, "तुम्ही फसता, कारण तुम्हाला वाटतं की चुकीचं उत्तर चुकून लिहिलं गेलंय. अहो, ते एका हुशार माणसाने चार-चार दिवस बसून लिहिलंय. देवळ्याची मुलगी घाईत असताना कशाला भुलेल, याचा विचार करून लिहिलंय. तुमचा एवढा विचार तुमच्या घरच्यांनी तरी केलाय का? मग त्याला मान द्या. त्याचं म्हणणं ऐकून घ्या. ऐकून घेतलं की तो सोडतो." मला ते एकदम पटलं. मी जन्माची बडबडी, त्यामुळे वकिलीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा तर मी एका साफ चुकीच्या पर्यायाची बाजू अशी मांडली, की अर्ध्या वर्गाने आपली उत्तरं खोडली. सर म्हणाले, "देवळा, आपण धोकादायक आहात." एवढं कौतुक त्यांनी दुसऱ्या कोणाचं केल्याचं आठवत नाही.

हे सगळं वर्गापुरतं असतं तर ठीक. पण हा माणूस रस्त्यावरही तसाच. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहावाल्याने 'साधा की स्पेशल' विचारलं, तर सर विचारणार, "साध्यात काय नसतं?" चहावाला वैतागून म्हणायचा, "सर, रोज तुम्हाला सांगतो, नुसतं आलं नसतं." सर पंचवटीत त्यांच्या थोरल्या बहिणीकडे राहायचे. लग्न केलं नव्हतं. ही बहीण, आक्का, सिव्हिलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. मी एकदा कसलीशी झेरॉक्स द्यायला त्यांच्या घरी गेले, तर आक्का दारातच म्हणाल्या, "थांब बाई. तो मेथी आणायला गेलाय. आता भाजीवाली म्हणणार ताजी आहे, हा विचारणार शिळी कुठली ते दाखव. याला मेथी आणायला पाठवलं की हा मेथी सोडून पुरावे गोळा करून येतो." आणि खरंच, तासाभराने सर रिकाम्या पिशवीने आले.

पण त्यांना वाईट कोणी म्हणायचं नाही. सुरगाण्याची मुलगी होती आमच्यात, तिची आई सिव्हिलला ॲडमिट झाली. आम्ही सगळ्याजणी जाऊन आलो, 'काही होत नाही गं, बऱ्या होतील आई' असं सांगून आलो. सर गेले ते तिच्याशेजारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर जवळजवळ दिवसभर बसून राहिले. आई बरी होईल, असं एकदाही म्हणाले नाहीत. तिला जेवायला घातलं, औषधाच्या रांगेत उभे राहिले, बस. ती नंतर म्हणाली, सगळ्यांचं बोलणं ऐकून मला जास्त भीती वाटत होती, सर होते तेवढा वेळ वाटली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. 

घरी माझं आणि अण्णांचं ठरलेलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. देवळ्यात आमचं बियाणं-खतं-औषधांचं दुकान आहे. मी बी.एस्सी. ॲग्री झाले ती मुळात दुकानासाठीच. अण्णांचे गुडघे गेलेले, पोत्यांच्या थप्पीतून वाकून उठणं त्यांना होईना, धाकटी बहीण अजून शाळेत. मी परीक्षेचा हट्ट धरला तेव्हा अण्णा म्हणाले, "दोनदा बस. नाय झालं, तर दुकान. मग रडायचं नाय." मी हो म्हटलं. पहिली खेप पहिल्या वर्षी वाया गेली. त्यानंतर मी सरांच्या क्लासला आले, आणि ही दुसरी होती.

पूर्व परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी सगळे क्लास आपापली आन्सर की, म्हणजे उत्तरतालिका, काढतात. खरी, सरकारी, पक्की होऊन यायला निकालाची वेळ होते, तोवर पोरांना दम नसतो. कोणाची की आधी मोबाइलवर पडते याची क्लासवाल्यांत चुरस. पोरं ती समोर ठेवून आपले मार्क मोजतात आणि ठरवतात, की पुढच्या मुख्य परीक्षेच्या अभ्यासाला बसायचं की गाशा गुंडाळायचा.

त्या पेपरात रस्त्यांवर एक उतारा होता. शहरात रस्ता रुंद केला तरी गर्दी कमी झाली नाही, कारण रस्ता मोठा झाला म्हणून लोकांनी आणखी गाड्या बाहेर काढल्या. खाली दोन प्रश्न. पहिला, लेखकाच्या मते गर्दी का कमी झाली नाही? मला तर सरळच दिसलं, 'गाड्या वाढल्या.' दुसराही त्याच्याच पोटातला. दोन्ही मी डोळे झाकून सोडवले.

आमच्या क्लासच्या कीमध्ये सरांनी मात्र दुसरंच उत्तर दिलं. 'रस्ते रुंद करणे हा गर्दीवरचा उपाय नाही.' आणि त्या धाग्याने दुसऱ्या प्रश्नाचंही दुसरंच. मालक घाबरेघुबरे होऊन आत आले. "सर, बाकी तिन्ही क्लासची की आलीय. तिघांचं 'गाड्या वाढल्या' आहे."

"तिघांना मोह झाला," सर म्हणाले. "इतकं सरळ उत्तर पेपर काढणारा कशाला ठेवेल?"

मालकांनी तोंड पाडलं आणि सरांची की तशीच ग्रुपवर टाकली. मी खोलीवर जाऊन ती समोर ठेवली आणि मोजायला बसले. ती दोन उत्तरं गेली, चुकीच्या उत्तरांचे जे मार्क कापले जातात तेही गेले, आणि मी अंदाजी कट-ऑफच्या काठावरून खाली आले. बाकीच्या क्लासांच्या हिशोबाने मी थोडक्यात वर होते. खोलीतल्या मुली म्हणाल्या, अगं, तिघं एक म्हणतायत, एकटा माणूस वेगळं म्हणतोय, कोणाचं धरायचं? मी म्हटलं, सरांचं. वर्षभरात त्या माणसाचं एक उत्तर चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या तिघांचं उत्तर मला गोड वाटत होतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटली. सरांनी हेच तर शिकवलं होतं.

खोली सोडली. पुस्तकं धाकट्या वणीला दिली. मोबाइलवरचे परीक्षेचे सगळे ग्रुप काढून टाकले आणि देवळ्याला येऊन काउंटरवर बसले.

खोटं कशाला बोलू, दुकानात मी वाईट नव्हते. शेतकरी कांद्याचं पान घेऊन यायचे, मी बघून सांगायची हा करपा आहे, हे फुलकिडे आहेत. अण्णांनी पेंटर बोलावून बोर्डावर 'कृषी पदवीधरांचा सल्ला' असं लिहून घेतलं आणि दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडून तो समोरून बघून यायचे. त्यांच्या तोंडावरचं सुख बघून मला वाटायचं, बरंच झालं. रात्री मात्र उशी ओली व्हायची. पण ठरलं होतं ना, रडायचं नाही. मग मी आवाज न करता रडायची.

आणि एक दिवस भर बाजाराच्या गर्दीत, काउंटरसमोर, दोन शेतकऱ्यांच्या मधोमध, पांढरा शर्ट. हातात चिवड्याची पिशवी, केस सटाणा गाडीच्या वाऱ्याने उभे राहिलेले.

"देवळा," सर म्हणाले, "पूर्वचा निकाल लागला. तुमचा नंबर यादीत आहे."

मला आधी काही कळलंच नाही. मी वेड्यासारखं विचारलं, "सर, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा."

"मालक म्हणत होते फोन करू. पण चूक मी केली. ती फोनवर कशी सांगणार?"

दुकानाच्या मागेच आमचं घर. मी सरांना आत नेलं. आई ओट्यापाशी होती. तिने आमच्या अहिराणीत कोण आलंय ते विचारलं, "कोन शे वं?" मी म्हटलं, "नाशिकना सर उनात." ती गडबडीने पदर सावरून चहाला लागली. अण्णा भिंतीला धरत आत आले, खुर्चीत टेकले. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. उतारा सांगितला, दोन्ही प्रश्न सांगितले, आपलं उत्तर सांगितलं.

"उत्तर सरळ होतं," सर म्हणाले. "उताऱ्यात लिहिलेलंच होतं. मला सरळ उत्तराचाच संशय आला. इतकी वर्षं लोकांच्या चुका शोधून माझी नजर तशी झाली. तुमच्या मुलीने बरोबर लिहिलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ती घरी आली. बाकी कोणाचं नुकसान झालं नाही. कोणी बरंच वर होतं, कोणी बरंच खाली. मधे ही एकटीच सापडली."

अण्णा म्हणाले, "म्हंजे बाकीच्या क्लासवाल्यांचं बरोबर होतं."

"हो."

"अन् तुमचं चुकलं."

"हो."

मी 'पण'ची वाट बघत होते. कुठल्याही मास्तराला 'पण' म्हटल्याशिवाय चूक कबूल करता येत नाही. सरांनी 'पण' म्हटलं नाही. अण्णांनी मग मान हलवली. "सर, आमचं ठरलेलं होतं," ते म्हणाले. "दोनदा बसायचं, मग दुकान. आता ती बसली. गिऱ्हाईक तिला मानतंय. माझं हे असं," आणि त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "आता परत पाठवायची, तर हे कोनी बघायचं?"

मला वाटलं, सर आता परीक्षेची बाजू घेतील. तर या माणसाने दुकानाचं वकीलपत्र घेतलं.

"तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. "दुकान हा वाईट पर्याय नाही. चालू धंदा आहे. तिचं शिक्षण त्याच विषयातलं आहे. ती तुमच्याजवळ राहील, तुमच्या गुडघ्यांना आराम मिळेल. मुख्य परीक्षा दीडेक महिन्यावर आलीय, तिचा बराच वेळ माझ्यामुळे गेलाय, बाकीचे पुढे गेलेत. शिवाय दुकानात ती चांगलं काम करते, मी आत्ता बाहेर उभा राहून पाहिलं."

मी सरांकडे अशी बघत होते, की डोळ्यांनी माणूस जळत असता तर तिथे राख उरली असती. अहो, तुम्ही नाशकाहून माझ्या बापाला मदत करायला आलात का? अण्णाही चकित झाले. आपली कारणं दुसऱ्याच्या तोंडून इतकी नीट ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"अन् परीक्षेच्या बाजूनं?" अण्णांनी विचारलं.

"ती बाजू त्या स्वतः मांडतील," सर म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चुकीच्या उत्तरांसाठी घसा कोरडा होईस्तोवर बोलणारी मी. तोंडातून एवढंच निघालं, "अण्णा, मला बसायचंय."  आईने चहाचे कप तसेच हातात धरून ठेवले होते.

 अण्णा सरांकडे वळून म्हणाले, "सर, एक सांगा. तुम्ही शिकवलंय तिला. ही मोठी परीक्षा निघंल का तिची?"

मला अण्णा माहीत आहेत. त्यांनी असं विचारलं म्हणजे निम्मं मन झालेलं असतं, वरून एक धक्का हवा असतो. मी सरांकडे बघितलं. मनात म्हटलं, हो म्हणा. एकच अक्षर आहे. तुमच्या चुकीची भरपाई समजा आणि म्हणा.

"माहीत नाही," सर म्हणाले.

"तरी, अंदाज?"

"अंदाजाने मी एकदा तिला घरी पाठवलंय," सर म्हणाले. "आता नाही सांगणार."

संपलं, असं मला वाटलं. मी भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात दुकानातून कोणीतरी गिऱ्हाईक ओरडलं, "अण्णा, हे मारल्यावर करपा जाईल ना?" आणि अण्णा मागे न बघता ओरडले, "जाईल, जाईल."

ओरडले आणि थांबले. मग त्यांना हसू आलं. कपाळाला हात लावून हसायला लागले. आईला कळेना काय झालं.

"ऐकलं का सर," अण्णा म्हणाले. "बाटली पन नाय बघितली मी त्याच्या हातातली. दिवसभर हेच. करपा जाईल का? जाईल. पीक येईल का? येईल. मला काय ठाऊक असतं? पाऊस पडला, धुकं पडलं, सगळं वाया. पन नाय म्हनलं, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं." त्यांनी चहाचा कप घेऊन सरांच्या हातात दिला. "तुम्ही हो म्हनले असते ना, तर मी समजलो असतो, हा बी आपल्यासारखा दुकानदारच हाय. पोरीला अजिबात पाठवली नसती. च्या घ्या. थंड होतोय."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॅग भर."

सर संध्याकाळच्या गाडीने गेले. मी दुसऱ्या दिवशी. जाऊन बघते तर सरांनी क्लासच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहून टाकलं होतं, की त्या उताऱ्याची दोन्ही उत्तरं मी चुकीची दिली, तीन क्लासची बरोबर होती, याचा विद्यार्थ्यांना त्रास झाला, क्षमा असावी. मालकांनी म्हणे डोकं धरलं. पुढचा महिना-दीड महिना सर रोज सकाळी आक्कांच्या घरी मला तास घ्यायचे. आक्का पोहे करायच्या आणि म्हणायच्या, "खा बाई. याने तुझं वाटोळं केलंय, वसूल कर." सर पुढचा उतारा उघडायचे. आता ते एखादं उत्तर गोल करण्याआधी मला विचारायचे, "देवळा, आपल्याला हे सरळ दिसतंय का?" मी हो म्हटलं की उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. चुकीच्या उत्तरावर एवढी माया करणारा माणूस बरोबर उत्तराजवळ भीतभीत जायला लागला होता. मला त्यांची फार दया यायची. तसं कधी बोलले नाही, बोलले असते तर ते म्हणाले असते, पुरावा काय.

मुख्य परीक्षा दिली. परत येऊन दुकानात बसले. निकाल लागला तेव्हा यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. माझा नंबर नव्हता.

आधी सरांना फोन केला. "सर, नाही झालं."   सर म्हणाले, "मला फार वाईट वाटलं." पुढे काही नाही. 'पुढच्या वेळी नक्की' नाही, 'खचू नका' नाही.  आम्ही दोघं तसेच थोडा वेळ फोन धरून होतो.

अण्णा बाहेर शटर ओढत होते. मी जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले. एका हाताने कुलूप धरायला मदत केली.

"अण्णा, नाही निघाली."

ते खाली वाकलेले होते, तसेच राहिले. "सरांना सांगितलं?"

"हो."

"काय म्हनले?"

"वाईट वाटलं म्हणाले."

"अजून?"

"अजून काही नाही."

अण्णांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उभे राहिले. 'दोनदा ठरलं होतं' या शब्दांची मी वाट बघत होते. ते त्यांनी म्हणावेत आणि मी गपचूप मान हलवावी, एवढी तयारी मी करून आले होते. अण्णांनी किल्ली खिशात टाकली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढचा फॉर्म कधी निघतो?"